चिठ्ठीनं जुळवलेली भुजली

चिठ्ठ्या मी काढायला लावल्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जेव्हा गावात तापलं, तेव्हा जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता आणि मीही त्यात मागे नव्हते. वर्गातल्या अर्ध्या पोरांची नावं खडूच्या रिकाम्या डब्यात टाकली, उरलेल्या अर्ध्यांना एकेक उचलायला सांगितलं. नियम माझा, डबा माझा, अक्कलही माझीच.

आमची शाळा चोरखमाऱ्याच्या धरणाचं पाणी येतं त्या कालव्याखालच्या एका गावात. तिसरी-चौथी एकाच खोलीत, दोन्ही माझ्याच गळ्यात. माझं माहेर सौंदडचं, वडिलांचं तिथे किराणा दुकान. गिऱ्हाइकांशी बोलता बोलता चार बोल्या कानावर पडल्या आणि तोंड फटकळ झालं. आई म्हणते, ‘तुझी जीभ पुढे धावते अन् अक्कल मागून डबा घेऊन येते.’ तेव्हा मला राग यायचा. आता येत नाही.

वर्गात कोणी घरी पोवारी बोलणारं, कोणाच्या घरी गोंडी, बाकीच्यांची आमची झाडीपट्टीची मराठी. छत्तीसगढी बोलणारी एकच होती. डावखुरी, बारीक, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, चौथीतली. तिचा बाप काही वर्षांमागे धान कापायला म्हणून इकडे आला आणि इथेच राहिला. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची धानाची जमीन तो ठेक्यानं करायचा. त्या मोठ्या शेतकऱ्याची मुलगीही माझ्याच चौथीत. दिवसभर तोंड चालू, रिबिनी नेहमी सुटलेल्या, आणि बाप शाळेच्या समितीचा अध्यक्ष. म्हणजे शेताचा मालक आणि शेत करणारा, दोघांच्या मुली एकाच फळ्यासमोर बसायच्या. बसायच्या दोन टोकांना.

डावखुरी बोलली की पोरं तिची नक्कल करायची. शनिवारी सकाळची शाळा. मधल्या सुट्टीत ती घरून आणलेली बासी खायची. बासी म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, वर कांदा आणि मीठ. एका शनिवारी पोरांनी नाकं धरली. ‘शिळं खाते! शिळं खाते!’ मी अशी काही कडाडले की बाजूच्या वर्गातले गुरुजी धावत आले. ‘अन् तुमच्या घरी उन्हाळ्यात काय खाता रे? श्रीखंड? तुमची आजी काय खाते, विचारा घरी जाऊन!’ पोरं गप्प झाली. पुढच्या शनिवारपासून डावखुरीनं डबा आणणं बंद केलं. ओरडून कोणाला माया शिकवता येते का? पण मला तेवढंच येत होतं.

त्याच महिन्यात आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. विषय, मुलांना एकमेकांच्या घरच्या चालीरीती समजाव्यात, दुसऱ्याचं दुःख कळावं. आम्ही मोठी माणसं दिवसभर रंगीत कागदावर हृदयं काढत बसलो. संध्याकाळी सांगण्यात आलं की दप्तर नसलेल्या दिवशी असा एक उपक्रम घ्या आणि फोटो ग्रुपवर टाका. मला चेव चढला. म्हटलं, हृदयं कसली काढता, मी करून दाखवते खरंखुरं काही.

श्रावण होता आणि भुजली जवळ आली होती. आमच्या भागात मुली राखीच्या आठ-नऊ दिवस आधी टोपलीत, पानांच्या दोन्यात गहू पेरतात, अंधारात ठेवतात. पिवळेधमक कोंब येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते तळ्यात शिरवायचे म्हणजे सोडायचे, चार कोंब मागे ठेवायचे, मोठ्यांच्या हातात द्यायचे आणि पाया पडायचं. सौंदडला आमची भुजली एवढीच. पाया पडलं की कोणी नाणं ठेवायचं, कोणी गुळाचा खडा. मी विचार केला, शाळेतच गहू पेरू, जोड्या लावू, आणि पोरांना एकमेकांच्या कानावर कोंब लावायला सांगू. मैत्रीचा खेळ.

पळसाच्या पानांचे दोने पोरांनीच केले. खेळाचं सामान ठेवायच्या अंधाऱ्या खोलीत ते ओळीनं मांडले. रोज पाणी घालायची पाळी ठरवली, पण दोन दिवसांतच सगळ्यांच्या दोन्यांची काळजी डावखुरी घेऊ लागली. घरून हळद आणायची, पाण्यात कालवायची, डाव्या हातानं शिंपडायची, आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायची. एकदा मी दाराशी उभी राहून ऐकलं. गाणं होतं. त्या खोलीत ती घरच्यासारखी वावरत होती आणि मला वाटलं, झालं, जिंकलं आपण.

राखीच्या दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या निघाल्या. मालकाच्या मुलीनं हात घातला आणि डावखुरीचं नाव निघालं. वर्गातून ‘ओ हो हो’ असा आवाज आला. मी डोळे वटारले. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. डावखुरीच्या हातात कोंब होते, पण ती लावेना. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, ‘मैडम, सिरतोन?’

सिरतोन म्हणजे खरंच का. शब्द मला ठाऊक होता. पण माझ्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात दोना, आणि मागच्या रांगेतला एक पोरगा जोडीदाराच्या वाट्याचे कोंब चावून खात होता. मी म्हटलं, ‘हो गं बाई, खरंच! अगदी खरं! लाव लवकर.’

तिनं ओढणी नव्हती म्हणून रुमाल डोक्यावर घेतला. कोंब मालकाच्या मुलीच्या कानावर खोचले, तिच्याकडून आपल्या कानावर खोचून घेतले, हात जोडले आणि म्हणाली, ‘सीताराम भोजली.’ ती वटवट करणारी पोरगी एकदम गंभीर झाली. तिनंही हात जोडले. ‘सीताराम भोजली.’ वर्गात कोणी हसलं नाही. मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, आणि दुपारपर्यंत सगळ्यांचे अंगठे आले. मी दिवसभर फुगून होते.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना डावखुरी जागेवर नव्हती. मी मालकाच्या मुलीला विचारलं, ‘कुठे गेली गं ती?’

‘भोजली पाणी प्याले गेली.’

‘भोजली कोण? नाव नाही का तिला?’

‘नाव घेत नसतात, म्याडम.’ असं म्हणून तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मोठी झाली तरी एवढं कळत नाही का. मला हसू आलं. बाप्पा! तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांची मोटरसायकल शाळेच्या दारात येऊन थांबली. एरवी ते आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत जायचे, चहा व्हायचा. त्या दिवशी ते सरळ माझ्या वर्गाच्या दाराशी आले आणि मला बाहेर बोलावलं.

‘म्याडम, हे काय लावलं तुमी? माह्या पोरीची सोयरीक जुळवून राहिले का शाळेत?’

मला काहीच कळेना. मग त्यांनी सांगितलं. आदल्या संध्याकाळी ते चौकातल्या पारावर चार माणसांत बसले होते. निंदण आटोपून बाया शेतातून परतत होत्या. त्यांतून ती डावखुरी पळत आली, त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, ‘सीताराम, फूलददा.’ फूलददा म्हणजे भोजलीचा बाप, म्हणजे बापासारखाच. पारावरची माणसं हसली. कोणी म्हणालं, ‘घ्या, झाला ना सोयरा!’ आणि रात्री जेवणाच्या वेळेला डावखुरीची आई नारळ, तांदूळ आणि बांगड्या घेऊन त्यांच्या घरी पोचली. आजवर कधी त्या घराची पायरी न चढलेली बाई पायरी चढून वर आली आणि मालकिणीच्या शेजारी बसली.

‘पण तो खेळ होता,’ मी म्हटलं.

‘मग सांगा ना तसं. साऱ्या पोट्ट्यायसमोर सांगा का खेळ होता. नाही त मी पायतो. धान कापला का शेत खाली करून द्या म्हणतो त्यायले.’

ते ओरडत नव्हते, हे जास्त भीतीचं होतं. एवढंच म्हणाले, ‘सोमवारच्या आत सांगा, म्याडम,’ आणि गेले. मुख्याध्यापक दारात उभे राहून सगळं ऐकत होते. म्हणाले, ‘हात दाखवून अवलक्षण केलंत. आता एक वाक्य बोलून टाका आणि मोकळ्या व्हा.’

दुपारी डावखुरीचा बाप आला. सायकल झाडाला टेकवून व्हरांड्याच्या खाली उभा राहिला. वर या म्हटलं तरी येईना. हात जोडून म्हणाला, ‘मैडम, खेल रिहिस बोल देव.’ खेळ होता म्हणून सांगून टाका. माणूस रडत नव्हता, पण बोलताना सारखा शेताच्या दिशेनं पाहत होता. धान गुडघ्याएवढं झालं होतं. त्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, त्यानं हातानं सपाट केल्या होत्या, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ती जमीन गेली तर दुसरी कोण देणार, आणि नाही मिळाली तर पोरीला घेऊन परत सीमेपलीकडे. मग कसली शाळा अन् कसली चौथी.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. कालव्याच्या काठाला दोन खोल्या, अंगण सारवलेलं. डावखुरी शेणाचे हात घेऊन पळून मागे गेली. आईनं काळा चहा दिला. मी तिला समजावू लागले की बाई, आमच्याकडे भुजली म्हणजे नुसतं पाया पडणं असतं, मला माहीत नव्हतं. ती शांतपणे ऐकत होती. मग तिनं मला सांगितलं की त्यांच्याकडे भोजली एकदा ‘बदली’ म्हणजे जुळली की ती जन्माची. एकमेकींचं नाव तोंडातून काढायचं नाही. तिची आई ती आपली आई. तिच्या घरी मरण झालं तर आपल्या घरी सुतक. बहिणी भांडून वेगळ्या होतात, भोजली होत नाही.

‘पण जमीन जाईल,’ मी म्हटलं.

‘धरती वोकर ए, ले सकत हे,’ ती म्हणाली. ‘भोजली वोकर नोहय.’ जमीन त्यांची आहे, घेऊ शकतात. भोजली त्यांची नाही. बाजूला तिचा नवरा खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, ‘पगली हे, मैडम, एकर बात झन मानव.’ हिचं ऐकू नका. मी दोघांकडे पाहिलं आणि मला कळेना की कोणाचं ऐकलं तर या पोरीचं भलं होईल.

खोटं कशाला बोलू, मला माझीही काळजी होती. तक्रार वर गेली असती तर माझी बदली झाली असती कुठेतरी लांब केशोरीकडे, आणि तिरोड्याचं घर, मुलाची शाळा, सगळं विस्कटलं असतं. मी त्या रात्री नवऱ्याला सांगितलं की मी हे त्या कुटुंबासाठी करते आहे. त्यानं विचारलं, ‘सगळं?’ मी त्याच्यावरच भडकले.

शनिवारी परिपाठ झाल्यावर मी चौथीला उभं केलं. मुख्याध्यापक बाजूला होते. अध्यक्ष फाटकाशी मोटरसायकलवर बसून होते, आत आले नाहीत. मी म्हटलं, ‘राखीनंतर आपण भुजलीचा खेळ खेळलो. तो खेळ होता. खेळ संपला. आता सगळ्यांनी एकमेकांना नावानं हाक मारायची. समजलं?’

सगळे ‘हो म्याडम’ म्हणून खाली बसले. डावखुरी उभीच राहिली. मराठीतच बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून. ‘म्याडम, तुमी त खरं म्हणलं होतं.’

फाटकाशी बसलेले अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी मला जे बोलायला हवं होतं ते मला नीट माहीत होतं. आणि मी काय केलं, तर तिच्यावर ओरडले. ‘उलट बोलतेस? बस खाली! खेळ म्हणजे खेळ!’

ती बसली. मालकाच्या मुलीनं रिबीन सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. फाटकाशी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मुख्याध्यापक म्हणाले, ‘बरं झालं, मिटलं.’ मी वर्गात गेले आणि दोघींना पुन्हा दोन टोकांना बसवलं.

त्यानंतर त्या दोघी खरंच बोलल्या नाहीत. मी लक्ष ठेवून होते, चोरासारखी. मधल्या सुट्टीत एक हातपंपाशी, एक चिंचेखाली. डावखुरीनं अभ्यास सोडला नाही, शाळा चुकवली नाही, पण मला प्रश्न विचारणं बंद केलं. हात वर करायची ती पोरगी आता विचारलं तरच बोलायची, आणि तेही ‘हो’ किंवा ‘नाही’. मी एकदा उगाच तिचं कौतुक केलं तर तिनं वहीत पाहिलं. दहा वर्षांचं लेकरू, आणि मला तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटायची.

दिवाळीच्या आधी सहामाही परीक्षा झाली. मराठीच्या पेपरात मी सोपा प्रश्न टाकला होता. ‘माझी मैत्रीण’ किंवा ‘माझा मित्र’, रिकाम्या जागा भरा आणि पाच ओळी लिहा. पहिली ओळ छापलेलीच होती, माझ्या मैत्रिणीचे नाव अमुक आहे. पेपर मी सुट्टीत सौंदडला नेले. आई फराळाचं तळत होती आणि मी ओट्याशेजारी पाटावर बसून तपासत होते.

मालकाच्या मुलीच्या पेपरात पहिली जागा रिकामी होती. खाली तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात पाचच्या ऐवजी सात ओळी. ती डाव्या हातानं लिहिते. तिला पाण्याची भीती वाटत नाही. तिच्या आईच्या हातची बासी गोड लागते. ती माझ्याशी शाळेत बोलत नाही कारण म्याडमला रागावतील. म्याडमला कोण रागावणार, ते तिनं लिहिलं नव्हतं.

मी गठ्ठ्यातून दुसरा पेपर शोधून काढला. डावखुरीचीही पहिली जागा रिकामी. खाली पाचच ओळी, नीट, शुद्ध. तिच्या रिबिनी सुटतात. मी कालव्यावर बांधून देते.

म्हणजे कालव्यावर भेटत होत्या. अडीच महिने मला, शाळेला, गावाला फसवून त्या भेटत होत्या, आणि शाळेत मला वाचवायला गप्प बसत होत्या. मला. मी रडले, आईनं झारा बाजूला ठेवला आणि विचारलं काय झालं. मी पहिल्यापासून सांगितलं. तिला वाटेल आपली पोरगी निदान शिकवते तरी चांगली, अशी माझी आपली आशा होती. ती म्हणाली, ‘म्हणजे तू आधी खरं म्हणाली अन् मग पळाली.’ एवढंच बोलून ती कढईकडे वळली.

पण मुद्दा पुढेच होता. सुट्टी संपल्यावर पेपर पालकांना दाखवायचे असतात. अध्यक्ष आपल्या मुलीचा पेपर वाचणार. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे ढीग, रचले होते. शेत खाली करायला लावायचं असेल तर हीच वेळ. मी पेन्सिल घेतली आणि त्या रिकाम्या जागेत, पोरीच्या अक्षरासारखं अक्षर काढून, वर्गातल्या तिसऱ्याच मुलीचं नाव लिहिलं. लिहून पाहिलं. मग खोडलं. खोडरबर वाईट होता, कागद काळवंडला.

पालक आले त्या दिवशी मी टेबलाच्या मागे बसले होते आणि पोरं बापाच्या, आईच्या बाजूला उभी होती. व्हरांड्यात रांग होती. रांगेत मागे डावखुरीचा बाप, खाली पायरीवर बसलेला. अध्यक्ष समोर बसले. गणिताचा पेपर पाहिला, हसले. मराठीचा उचलला. वाचता वाचता त्यांचं बोट पहिल्या ओळीवर थांबलं.

‘हे खोडलं काऊन?’ त्यांनी मुलीला विचारलं.

‘म्या नाही खोडलं.’

‘खोटं नको बोलू. हे का आहे मग?’

‘म्या लिहलंच नाही त खोडू कायले?’

त्यांचा आवाज चढला. ‘म्याडमसमोर खोटं बोलून राहिली तू?’ मुलगी मागे सरकली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि पाहून मान खाली घातली. ती माझं नाव सांगणार नव्हती. तिनं मार खाल्ला असता, पण म्हटलं नसतं की म्याडमनं खोडलं असेल.

‘मी खोडलं,’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘तिनं जागा रिकामी ठेवली होती. मी तुमच्या भीतीनं दुसऱ्या मुलीचं नाव लिहिलं आणि मग खोडलं. तिनं काही केलेलं नाही.’

त्यांनी पुन्हा पेपर हातात घेतला. या वेळी सगळ्या ओळी वाचल्या, ओठ हलवत. डाव्या हातापाशी थांबले. बासीपाशी थांबले. मग टेबलावरचा पेन उचलून मुलीच्या हातात दिला. ‘लिही नाव.’

ती उभी राहिली.

‘लिहिता येत नाही का?’

‘येते.’

‘मग लिही.’

तिनं पेन घट्ट धरला आणि हात पाठीमागे नेला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठ मिटलेले. व्हरांड्यात डावखुरीचा बाप उठून उभा राहिला होता. त्याची मुलगी दाराच्या चौकटीला धरून पाहत होती. मला वाटलं आता हा माणूस हात उचलणार, आणि या एका रिकाम्या जागेपायी दोन घरं माझ्या डोळ्यांदेखत मोडणार. मी खुर्चीवरून उठले.

‘तिला सांगू नका, मला सांगा,’ मी म्हटलं. ‘त्या दिवशी त्या पोरीनं मला विचारलं होतं, खरं का. मी खरं म्हटलं. मग तुम्ही आलात आणि मी घाबरले, आणि सगळ्यांसमोर खोटं बोलले. खेळ नव्हता तो. काय करायचं ते माझं करा. तक्रार करा. त्यांच्या शेताला हात लावू नका.’

ते अगदी हळू म्हणाले, ‘मले माहीत नाही का, म्याडम? खेळ असता त मी आलो असतो कायले?’

मी खालीच बसले. ते बोलत राहिले, पेपरकडे पाहत. ‘नातं झालं का निभावा लागते. लगनात, मरणात, सुतकात. ज्याले आपण हुकूम सोडतो, त्याच्याच दारी सोयरा म्हणून जा लागते. मोठ्या माणसाले जड जाते जी ते.’ त्यांनी मुलीच्या हातातला पेन काढून घेतला. मुलीनं डोळे मिटून घेतले. त्यांनी पेपरच्या वरच्या कोपऱ्यात, पालकाची सही लिहिलं होतं तिथे, सही केली. पहिल्या ओळीला हात लावला नाही.

बाहेर पडताना ते पायरीपाशी थांबले. डावखुरीचा बाप नेहमीसारखा बाजूला सरकला, हात जोडायच्या बेतात. अध्यक्षांनी त्याच्याकडे न बघता, चपला घालता घालता विचारलं, ‘उन्हाळी धानाचे परहे केव्हा टाकते?’ परहे म्हणजे धानाची रोपं.

‘आप बोलिहा तब,’ तो म्हणाला. तुम्ही म्हणाल तेव्हा.

‘मी कायले बोलू? शेत तू करते.’ एवढं म्हणून ते गाडीकडे गेले. ना त्याला सोयरा म्हणाले, ना गळ्यात पडले. त्यांची मुलगी मात्र वडिलांच्या मागे गेली नाही. ती व्हरांड्यात खाली बसली आणि तिनं पाठ फिरवली. डावखुरी आली, तिच्या मागे बसली आणि सगळ्या पालकांसमोर तिची सुटलेली रिबीन बांधू लागली.

पालक गेल्यावर मी डावखुरीला वर्गात बोलावलं. काय बोलायचं ते मी मनात चारदा घोकलं होतं. मोठं काहीतरी, चुकले म्हणून, माफ कर म्हणून. प्रत्यक्षात तोंडातून एकच निघालं, आणि तेही तिच्याच बोलीत. ‘सिरतोन होतं गं ते.’

तिनं मान वर केली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. रागानं नाही. लहान पोराला समजवावं तसं ती मला म्हणाली, ‘मले त माहीतच होतं, म्याडम. तुमालेच माहीत नव्हतं.’